डावी कूस

नर्सने पीएच.डी. करायची म्हटलं की पुण्यात लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कशावर? इंजेक्शनवर का?" मी पूर्वी समजावून सांगायचे. आता "हो" म्हणते आणि चहा पिते.

माझा विषय आहे मणक्याला मार लागून अंग लुळं पडलेल्या माणसांची घरी घेतली जाणारी काळजी, आणि त्यातही एकच साधी गोष्ट, कूस. ज्याला स्वतःला वळता येत नाही त्याला दर दोन तासांनी कुणीतरी वळवायचं असतं. उजवी कूस, पाठ, डावी कूस. एकाच अंगावर पडून राहिलं की हाडावरची कातडी मरते, तिथे जखम होते, ती आत आत जाते आणि अपघातातून वाचलेला माणूस त्या जखमेने जातो. घरच्यांना हे वळवणं हाताला धरून शिकवलं तर जखमा टळतात का, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी मी स्कूटरवर शहराच्या चारी टोकांना फिरत होते आणि परक्यांच्या बेडरूममध्ये शिरत होते.

वाघोलीच्या एका सोसायटीत, सातव्या मजल्यावर दिग्विजय होता. खराडीच्या एका कंपनीत नोकरी करायचा. लोणी काळभोरहून, आईला भेटून परतताना सोलापूर रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली आणि मान जिथे पाठीला जुळते तिथला मणका मोडला. हात राहिले, बोटं जरा अशक्त. छातीखाली काहीच उरलं नाही. मागे बसलेली त्याची बायको पूर्वा गेली. तो ऑपरेशनच्या टेबलावर होता तेव्हा तिचं सगळं उरकूनही झालं होतं. त्याने तिला गेलेली पाहिलीच नाही.

हे सगळं मला त्याच्या आईने, सुशीलाबाईंनी, मी दारात चपला काढत असतानाच सांगितलं. त्या लोणीहून येऊन त्याच्यापाशी राहिल्या होत्या. दुःख आणि घराचा पत्ता त्या एकाच आवाजात सांगायच्या.

खोलीत दवाखान्यातली खाट नव्हती. लग्नातला डबल बेड होता. दाराकडच्या, उजव्या अर्ध्यावर दिग्विजय, आणि खिडकीकडचा अर्धा रिकामा. रिकामा म्हणजे नुसता रिकामा नव्हे. चादर ताणून घातलेली, उशी थोपटून ठेवलेली, पायाशी पातळ पांघरुणाची घडी. मी सवयीने पिशवी तिथे ठेवायला गेले तर सुशीलाबाईंनी ती माझ्या हातातून घेऊन खुर्चीवर ठेवली.

पहिल्या भेटीत आम्ही संवेदना तपासतो. माणसाने डोळे मिटायचे, आम्ही कापूस आणि टाचणी लावत खाली जायचं, आणि कळलं की त्याने "हो" म्हणायचं. मानेला हो. खांद्याला हो. दंडाला हो. छातीपासून खाली त्याचं तोंड बंद झालं ते पावलांपर्यंत. मी टाचणी डबीत टाकली, कापूस कचऱ्यात टाकला.

"हो," दिग्विजय म्हणाला. डोळे अजून मिटलेले.

"झालं तपासून. मी काही लावलं नाही."

"तुम्ही नाही लावलं, सिस्टर. डाव्या बाजूला ती आहे."

मला यात नवल वाटलं नाही. तुटलेल्या मज्जारज्जूच्या खालून मेंदूला काय काय भास होतात याचं एक अख्खं प्रकरण मी लिहिलेलं आहे. कुणाचे पाय सायकल चालवत असतात, कुणाला मुंग्या चावतात. मी त्याला ते सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. हुशार माणूस होता. मग तो म्हणाला, "असेल. पण ती तिथे आहे."

त्याच्या उजव्या नितंबाच्या हाडावर लाल डाग होता. बोट दाबून उचललं तरी लाली जात नव्हती, म्हणजे आत कातडी मरायला लागली होती. पाठीच्या शेवटाला तसाच दुसरा. डावं अंग मात्र स्वच्छ, दुधासारखं. मी सुशीलाबाईंकडे पाहिलं. "काकू, डाव्या कुशीवर वळवतच नाही का तुम्ही?"

"त्यो वळूच देत न्हाई," त्या म्हणाल्या.

कारण त्यांनी मला खाली लिफ्टपाशी सांगितलं. गाडी डाव्या अंगावर पडली होती. पूर्वा खाली आणि दिग्विजय तिच्या अंगावर. त्यानंतर त्याला जाग आली ती दवाखान्यात, हालता न येणाऱ्या अंगानिशी. त्याच्या लेखी ती अजून त्याच्या डाव्या हाताला होती, आणि त्याला त्या बाजूला वळवणं म्हणजे त्याला पुन्हा तिच्या अंगावर पाडणं.

पुढच्या भेटीला उजवीकडच्या डागाची जखम झाली होती. त्याच्या पुढच्या भेटीला ती खोल होती. मी फोटो एका प्लॅस्टिक सर्जनना पाठवला. त्यांनी लगेच फोन केला. "या अंगावर अजिबात भार नको, आणि पाठीवर थोडाच वेळ. नाहीतर महिन्याभरात हाड उघडं पडेल, रक्तात विष भिनेल, आणि मग मला फोन करू नका." पालथं झोपवून पाहिलं, पण त्याला खोकून कफ काढायची ताकद नव्हती. श्वास कोंडायला लागला. दवाखान्यात भरती हो म्हटलं तर त्याने नकारार्थी मान हलवली.

"तिथे एका माणसाची खाट असते, सिस्टर."

उरली डावी कूस. तेवढाच एक मार्ग होता, आणि तो एका मेलेल्या बाईने अडवला होता.

माझा स्वभाव फार सोशिक नाही. वॉर्डात मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. एका दुपारी मी सुशीलाबाईंना सांगितलं, आज मी वळवते, तुम्ही फक्त डोकं धरा. त्याच्या अंगाखाली आडवी चादर होतीच. तिची कड मुठीत धरली, गुडघा बेडला टेकवला आणि ओढलं.

"नको," दिग्विजय म्हणाला. मग ओरडला, "सिस्टर, नको! चिरडेल ती!"

अंग अर्ध्यावर आलं आणि थांबलं. लुळ्या अंगात झटके येतात, पाय ताठतात. तो झटका येतो, हिसका देतो आणि सुटतो. शेकडो अंगं वळवली आहेत मी, माझ्या हातांना तो फरक झोपेतही कळेल. हे तसं नव्हतं. यात हिसका नव्हता. पलीकडून कुणीतरी तळहात लावून शांतपणे, न थकता रेटून धरावं तसं होतं. मी आणखी जोर लावला. तेवढाच जोर पलीकडून आला.

मी चादर सोडली. मला भीती वाटली. आणि भीती वाटली की मला राग येतो, म्हणून मी सुशीलाबाईंवर खेकसले, "ती उशी काढून टाका आधी तिथली!"

त्यांनी उशी काढली नाही. मला पाणी आणून दिलं. "मलाबी तसंच हुतं शिस्टर," त्या म्हणाल्या. "म्या कुनाला बोलले न्हाई. लोकं म्हनतील, म्हातारी बिघाडली."

आमच्या घरात भूतखेत नाही. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणं नाही. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, आणि कुणी अंगात येण्याबद्दल बोललं तर त्यांना अजूनही फायलीवर शेरा मारायची सुरसुरी येते. संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "प्रियदर्शनी, स्नायूचं नाव घे. भुताचं घेऊ नकोस."

"स्नायूच आहे हो. पण तो वळत नाहीये, आणि त्याची जखम थांबत नाहीये."

"मग ज्याने वळेल ते कर," बाबा म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पुस्तकात लिहिलेलं असतं, रुग्णाच्या श्रद्धेचा आदर राखून सेवा द्यावी. हे वाक्य मी परीक्षेत पन्नास वेळा लिहिलं असेल. पुढच्या भेटीत मी हात धुतले, बेडपाशी उभी राहिले आणि त्या रिकाम्या अर्ध्याकडे पाहून म्हणाले, "पूर्वाताई, यांना जखम झाली आहे. त्यांना तुमच्या बाजूला वळवायचं आहे. तुम्ही जरा उठा, आणि त्यांच्या मागे या. गाडीवर बसायचात तशा बसा."

मला माझीच लाज वाटली. आजोबा कुठे असतील तर तोंड फिरवून बसले असतील.

दिग्विजयने डोळे मिटले. मग तो म्हणाला, "वळवा."

अंग आलं. सहज आलं. कुशीवरच्या माणसाच्या पाठीमागे आम्ही एक उशी खोचतो, तो मागे लवंडू नये म्हणून. सुशीलाबाईंनी खिडकीकडची, पूर्वाची उशी उचलली आणि तिथे खोचली. त्या उशीला टेकून तो पहिल्यांदा डाव्या कुशीवर झोपला.

त्यानंतर त्या घरात ती रीतच पडली. दर दोन तासांनी सुशीलाबाई कंबरेला पदर खोचून यायच्या आणि म्हणायच्या, "पूर्वा, मागं सरक गं." वळवून झालं की उशी. पुन्हा पाठीवर घ्यायचा झाला की, "पूर्वा, ये गं तुज्या जाग्यावर." मी जायची त्या दिवशी मीही म्हणायची. पहिल्यांदा दबक्या आवाजात, मग सरळ. जखम भरायला लागली. कडा गुलाबी झाल्या, तळ वर आला.

माझ्या गाईड उत्कर्षा मॅडमनी फोटो पाहिले आणि खूश होऊन विचारलं, "एक्सलंट! काय बदललंस तू इथे?"

"उशी," मी म्हटलं.

"बरं, मग तिचा आकार, उंची, सगळं लिही. दुसऱ्या कुणालाही जसंच्या तसं करता आलं पाहिजे."

मी मान डोलावली. पण मला त्या घरी जायची भीती वाटायला लागली होती. जखम भरत होती म्हणूनच वाटत होती. खोटं असतं तर एवढं लागू पडायला नको होतं. लिफ्टमधून उतरताना मी आता बाजूला सरकून उभी राहायला लागले होते, मागून कुणाला यायला जागा हवी म्हणून. इतर घरांमध्येही रुग्णाला वळवण्याआधी माझ्या तोंडात ते शब्द यायचे आणि मी ते गिळायची.

मग एका सकाळी सुशीलाबाईंचा फोन आला. पोराला ताप हाय, दोन दिस झालं डाव्या अंगाला हात लावू देत न्हाई.

मी पोचले तेव्हा जखमेचा वास दारापर्यंत येत होता. भरत आलेली जागा पुन्हा फाटली होती, त्यात पू होता. दिग्विजयचे डोळे चमकत होते, ओठ सुकले होते. मी बेडपाशी उभी राहिले. "पूर्वाताई, मागे या."

"ती मागे येत नाही," दिग्विजय म्हणाला. "आपण उगाच म्हणत होतो, सिस्टर. ती कधी मागे बसलीच नव्हती. ती खालीच आहे."

"खाली कुठे?"

"माझ्या खाली. खालून धरते मला. दोन्ही हातांनी, असं." त्याने आपले अशक्त हात वर उचलले आणि हवेतच कुणालातरी मिठी मारल्यासारखे एकमेकांत अडकवले. "मला वाटायचं ती मला ढकलते. ढकलत नाही. धरते. मी वळलो की सगळा भार तिच्यावर जातो, तरी सोडत नाही."

सुशीलाबाई ताटलीत भात कालवत होत्या. त्या जमिनीवर बसल्या. पडल्या नाहीत, नीट, सावकाश बसल्या.

"तुला कुनी सांगितलं?" त्या म्हणाल्या.

"काय कुणी सांगितलं?"

"रंगरावानं फोन केलता का तुला?"

"आई, कोण फोन करणार मला? काय सांगायचंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नको म्हणा, असं ते पाहणं होतं. मला काहीच माहीत नव्हतं, पण त्याला एकशेतीन ताप होता आणि जखमेत पू होता. "काकू," मी म्हटलं, "जे असेल ते आत्ता सांगा."

"सांगितलं तर जेवायचं सोडंल ह्यो."

"असंही तो मरतोच आहे," मी म्हणाले. असं बोलायला नको होतं, पण खरं तेच होतं.

मग त्यांनी सांगितलं. भाताची ताटली मांडीवरच होती.

"रंगराव, माझा चुलत दीर, त्येचं हाटेल हाय त्या रस्त्याच्या कडंला. त्योच पयला पळत गेला. दोघंबी डाव्या अंगावर पडल्याली, ती खाली, तू वर. लोकं जमली. तुला हाताला-पायाला धरून वढाय लागली. ती शुद्धीत व्हती. तिनं खालनं दोनी हातांनी तुला घट धरला. सोडंचना. म्हनली, हलवू नका ह्यांना, मनका मोडंल, दवाखान्याची गाडी येऊ द्या. तिला हापिसात शिकवलं व्हतं म्हनं. रंगराव म्हनला, आगं पोरी, तुज्यावर भार हाय त्येचा. म्हनली, असू द्या. गाडी आली, फळी आली, तवर धरून व्हती. तुला उचलला, आन् मग..." त्या थांबल्या. "तिच्या पोटात रगत झालं व्हतं. मोठा डाक्टर म्हनला, ह्येला वढलं असतं तर हात बी गेलं असतं."

मी दर वर्षी नर्सिंगच्या मुलींना हा धडा शिकवते. जखमी माणसाला हलवू नका, मान स्थिर धरा, मदत येईपर्यंत धरून ठेवा. खडूने फळ्यावर लिहिते. धरून ठेवणाऱ्याचं काय होतं, हे त्या धड्यात नाही.

तो तेव्हा अर्धवट शुद्धीत असेल, त्याने तिचे शब्द ऐकले असतील, ते कुठेतरी राहिले असतील. असं मी स्वतःला अजून सांगते.

दिग्विजय छताकडे बघत होता. "किती वेळ धरून होती?"

"गाडी येईस्तवर."

"माझ्या खाली."

"व्हय रं."

मला वाटलं, संपलं. आता हा माणूस तोंड मिटेल ते कायमचं. मला त्या बाईचा राग आला, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. इतकं चांगलं वागायची काय गरज होती? मी बॅगेतून ड्रेसिंगचं सामान काढायला लागले, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

"आई," दिग्विजय म्हणाला, "डावीकडं वळव मला. उशी नको. तिला सरकायलाही सांगू नको."

सुशीलाबाईंनी हात पदराला पुसले. मी कड धरायला पुढे झाले तर त्यांनी मला थांबवलं. त्यांनी एकट्यानेच वळवलं. तो डाव्या अंगावर गेला, पूर्ण गेला, आणि त्याचा उजवा हात बेडच्या त्या अर्ध्यावर जाऊन पडला. अशक्त बोटांनी त्याने चादर मुठीत धरली. मग तो रडला. अपघातानंतर पहिल्यांदा, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मी त्याच्या पाठीमागे बसून जखम धुतली, पू काढला, नवीन ड्रेसिंग केलं. त्याची पाठ इतकी हलत होती की पट्टी दोनदा चिकटवावी लागली. आमच्या डॉक्टरांना फोन करून औषधं मागवली. सुशीलाबाईंनी भरवलेला भात त्याने त्याच कुशीवर खाल्ला.

दोन तास झाले. मी गेले नव्हते. डावं अंग आता लाल व्हायला लागणार होतं, त्याला पाठीवर घ्यायला हवं होतं. मी चादरीला हात घातला.

"हलवू नका," दिग्विजय म्हणाला.

माझा हात जागीच राहिला. सुशीलाबाईंनीही ऐकलं होतं. हा इथे असाच पडून राहिला तर काही दिवसांत हेही अंग सडणार, हे आम्हा दोघींना कळत होतं. त्यालाही कळत होतं. त्याचं डोकं तिच्या उशीवर होतं आणि तो हलणार नव्हता. वॉर्डात माझा आवाज दुसऱ्या मजल्यावर ऐकू जातो. त्या वेळी मी फक्त चादरीची कड सोडली.

सुशीलाबाई बेडला वळसा घालून पलीकडे गेल्या. त्या गुडघ्यांवर चढून पूर्वाच्या अर्ध्यावर बसल्या, वाकल्या, आणि लेकाच्या अंगाखाली दोन्ही हात सारले, कोपरापर्यंत. त्यांचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापाशी आला, पण त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या.

"सोड गं पोरी आता," त्या म्हणाल्या. "लई येळ धरलंस. सोड. आता म्या धरलाय."

त्या तशाच थांबल्या. दिग्विजयची मूठ चादरीवरून हळूहळू सुटली. सुशीलाबाईंनी त्याला वळवलं आणि तो पाठीवर आला. मी फक्त लघवीची नळी ताणली जाणार नाही एवढं पाहिलं.